तिसरी रिंग

शप्पथ घेऊन सांगते! मढीच्या कानिफनाथाची शप्पथ! नातवंडांची घेत न्हाई, ती बिचारी परीक्षेला बसल्यात. पन माझ्या तोंडात उरलेल्या सहा दातांची शप्पथ, पुढं जे सांगनार हाय त्यातला शब्द न् शब्द खरा हाय. एक जरी खोटा निघाला तर सहाचे पाच होऊ द्या!

मी सांगतीय आनि माझी सून सुकन्या लिहून घेतीय. सुकन्या अंगनवाडीत मॅडम हाय, अक्षर मोत्यासारखं. खोटं लिहायचं म्हनलं की तिचा हात वळतच न्हाई. म्हंजे बघा!

तर मी चांगुणा. वय चौऱ्याहत्तर. तिसगावपासनं दोन कोसांवर डोंगराच्या पोटाला आमची वस्ती, पंचवीस उंबऱ्यांची. भिंतीला भिंत लावून माझी शेजारीन ऱ्हाती, भागिरथी. मालक जाऊन बारा वर्सं झाली, लेक दिली पार घोडेगावच्या पलीकडं. घरात ती, एक मांजर आनि एक रेडिओ. त्यातला रेडिओ बंद.

भागिरथीनं चाळीस वर्सं ऊस तोडला. कोयता धरून धरून बोटांच्या रेघाच गेल्या तिच्या. अंगठा बघाल तर नुसता गुळगुळीत, नदीतल्या गोट्यासारखा! आता रेशनच्या दुकानात अंगठा लावायला मशीन आलं. रंभाजी दुकानदार मानूस चांगला, पन मशीनपुढं त्याचं काय चालनार?

"मावशी, अंगठा लागंना."

"दुसरा लाव."

"दुसरा बी लागंना. मशीन म्हनतंय ही बाई भागिरथी न्हाई."

"मग भागिरथी कुठंय?"

"त्ये त्याला म्हाईत न्हाई."

अंगठ्याला लिंबू चोळलं, खोबरेल लावलं, गरम पान्यात बुडवून ठिवला. एकदा तर पदरानं पुसपुसून लाल केला! मशीन ऐकंना. तीन म्हैने झाले, गहू न्हाई का तांदूळ न्हाई. आनि भागिरथी अशी मानी, की उपाशी झोपंल पन ताट घेऊन दारात उभी ऱ्हानार न्हाई. दिलं तर म्हनती, "आत्ताच जेवले बाई." जेवली असती तर चुलीचा धूर दिसला नसता व्हय मला?

मग मी युक्ती काढली. दोन्ही टायमाला भिंतीवरनं हाक मारायची, "भागिरथे, ये गं जरा! कालवनात मीठ बरं झालंय का बघ. माझ्या जिभेला काय कळंना आता." मीठ बघायचं म्हनलं की भाकरी लागतीच. एका भाकरीत अंदाज येत न्हाई, दुसरी लागती. तीन म्हैने माझ्या कालवनाची रोज दोनदा तपासनी झाली. एवढी तपासनी अख्ख्या जिल्ह्यात दुसऱ्या कशाची झाली नसंल!

पन असं किती दिवस चालनार? एक दिवस रंभाजी म्हनला, "आजी, नगरला मदत केंद्र काढलंय. योजनेचं काय अडलं तर फोन करायचा. पोरी बसल्यात फोन घ्यायला."

मी पदर खोचला. "एका फोनात काम करते का न्हाई बघ! सरपंचाला गप केलंय मी, ती पोरगी काय चीज हाय!"

लावला फोन. आधी टेप वाजली. तुमचा फोन आमच्यासाठी लई महत्त्वाचा हाय म्हनं. मला बरं वाटलं, घरात असं कुनी म्हनत न्हाई. मग सनई. मग टेप म्हनली, तुम्ही रांगेत एकतिसावे आहात. म्हनलं असू दे, रांगेत उभं ऱ्हायची आपल्याला सवय हाय. सनई ऐकत ऐकत मी वाटीभर लसून सोलला. बारावा नंबर आला. परत टेप बोलली तर चौदावा! मी वरडलेच, "कोन घुसलं गं मधी? लाज न्हाई व्हय!" सनई चालूच.

शेवटी एका पोरीचा आवाज आला. "नमस्कार, मी सृष्टी बोलतेय. आपली काय मदत करू?"

"जेवलीस का बाई?"

पलीकडची टाईप करायची टकटक थांबली. मग हळूच, "नाही आजी, अजून नाही."

"दोन वाजून गेले की गं!"

"आम्हाला अडीचला सुट्टी असते."

गोड पोरगी. मी तिला समदं सांगितलं. कोयता, अंगठा, लिंबू. तिनं लिहून घेतलं आनि म्हनली, "आजी, तक्रार नोंदवली. आता तपासणीसाठी आमच्याकडून फोन येईल. तीन दिवसांत तीन वेळा. भागिरथीबाईंनी स्वतः उचलायचा. त्यांचा नंबर सांगा."

मी भागिरथीचा नंबर सांगितला.

(काय झालं गं सुकन्ये? पेन का थांबला? लिही, लिही!)

आता हितं तुम्हाला आमच्या वस्तीचा कायदा सांगितला पायजे. फोनला मिनिटाला रुपया पडायचा ना, तेव्हापासनं आमच्याकडं फोन उचलत न्हाईत. नुसत्या रिंगा मोजायच्या. एक रिंग वाजून बंद झाली, तर दुधाचा टेम्पो आला. दोन रिंगा, तर लाईट आली, मोटार चालू करा. आनि तीन रिंगा म्हंजे तिसगावातनं पान्याचा टँकर निघाला! चुकून कुनी उचललाच तर समोरचा शिव्या घालतो, "उचलला कशाला? गेला ना माझा रुपया!" आता फोन फुकट झालेत, पन सवय जाती व्हय?

टँकरवाला आदिनाथ. त्याच्याकडं वस्तीवरचे पंधरा-वीस नंबर हायत. ज्याचा लागंल त्याला तीन रिंगा देतो, कारन आमची रेंज कधी कुनाच्या माजघरात तर कधी कुनाच्या गोठ्यात. म्हनून फोन कुनाचा बी असू द्या, तिसरी रिंग कानावर पडली की समद्यांनी हंडे घेऊन रस्त्याला पळायचं. चौथी वाजती का न्हाई हे बघायला कोन थांबतंय? थांबलात की रांगेत पंचविसावा नंबर, आनि पंचविसाव्याला तळाचा गाळ!

दुसऱ्या दिवशी सकाळी धा वाजता भागिरथीचा फोन वाजला. एक. दोन. तीन! भागिरथीनं हंडा उचलला न् अशी सुटली, जशी काय बंदुकीतली गोळी! तिला बघून छबूबाई सुटली. छबूबाईला बघून बायडाबाई. पाच मिन्टात अख्खी वस्ती उन्हात रस्त्यावर, आनि तिकडं रिकाम्या घरात फोन आपला वाजतोय, वाजतोय, वाजतोय.

टँकर आलाच न्हाई.

त्याच्या दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच! घरी येऊन बघितलं तर फोनवर नगरचा नंबर. त्यावर उलटा फोन केला तर टेप म्हनती, ह्या नंबरावर फोन घ्यायची सोय न्हाई. म्हंजे त्यांनी बोलायचं, आपन बोलायचं न्हाई. नवरेच बरे की त्यापरीस!

सांजच्याला फोनवर चिठ्ठी आली. सुकन्यानं वाचली. "लाभार्थी प्रतिसाद देत नसल्याने आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. चोवीस तासांत न कळवल्यास आपले समाधान झाले असे समजले जाईल."

सुकन्यानं माझ्याकडं असं बघितलं, असं बघितलं... का ते काय मला कळलं न्हाई बाई.

भागिरथी एवढंच म्हनली, "जाऊ दे चांगुणे. मला एकटीला असं कितीसं लागतंय?" आनि घरात गेली. त्या रात्री मीठ बघायला बी आली न्हाई. मी तीनदा हाक मारली.

तिकडं रस्त्यावर वेगळंच पेटलं! खरा टँकर आला तशा बाया आदिनाथच्या अंगावर धावल्या.

"फसवतो व्हय रं आमाला? तीन-तीन दिवस उन्हात उभं करतो?"

"काकू, आईशप्पथ, मी फोनच केला न्हाई!"

"मग काय भुतानं केला?"

छबूबाईनं तडक मदत केंद्राला फोन लावला आनि टँकरची तक्रार केली. झालं! तिच्या तक्रारीच्या तपासनीचे तीन फोन आले, छबूबाईच्या नंबरवर. तिसरी रिंग वाजली की वस्ती रस्त्यावर! बायडाबाई पळताना पडली, हंड्याला पोचा आला, तिनं पोच्याची तक्रार केली. तिला तीन फोन. वस्ती परत रस्त्यावर! पंधरा दिवसांत अकरा तक्रारी झाल्या. अकरा त्रिक तेहतीस वेळा आमी पळालो! बायडाबाई एवढी बारीक झाली की तिच्या नवऱ्यानं विचारलं, आपन कोन? आनि कल्याण ग्रामसेवकाच्या दावनीची म्हस, तिला बी कळाया लागलं. तिसरी रिंग वाजली की दावं हिसकून सगळ्यांच्या म्होरं रस्त्याला जाऊन उभी! खोटं वाटतं? म्हशीला विचारा.

आनि ह्या अकराच्या अकरा तक्रारींना चिठ्ठी एकच. निकाली. समाधान.

मग एक दिवस कल्याण पळत आला. हा ग्रामसेवक आमच्याच वस्तीवरचा. तोंड असं फुललेलं, जशी काय पुरीच!

"आजी! आपली वस्ती जिल्ह्यात पहिली आली!"

"कशात रं?"

"समाधानात!"

मला वाटलं ऊन लागलंय त्याला. पन खरंच हुतं. वरनं एक मॅडम तपासनीला आल्या हुत्या, दीपा मॅडम. ही मदत केंद्रं कशी चालत्यात, लोकांना खरंच उपेग हुतो का, हे त्या गावोगाव बघत फिरत हुत्या. केंद्राच्या प्रशांत साहेबांनी त्यांना कागद दाखवला. अकरा तक्रारी, अकरा निकाली, आनि उलटून एकानं बी कुरकुर केली न्हाई! असली वस्ती जिल्ह्यात दुसरी न्हाई म्हनं. मॅडम म्हनल्या, चला, ह्या समाधानी माणसांना भेटूया.

सत्काराचा मांडव पडला. सतरंज्या आल्या. कल्याणनं घरोघर जाऊन सांगितलं, चांगली लुगडी नेसा, तोंड हसरं ठेवा. आनि पहिली शाल कुनाला? समाधानी लाभार्थी क्रमांक एक, भागिरथी!

भागिरथी मला म्हनली, "अगं, काय तोंडानं घेऊ शाल? डब्यात गव्हाचा दाना न्हाई."

"घे गं," मी म्हनलं. "शाल घे, आनि मॅडमला तोंडावर सांग."

"मला न्हाई जमायचं. चार लोकांत माझी जीभ टाळूला चिकटती."

गाडी आली. दीपा मॅडम उतरल्या. साधी सुती साडी, पायात चप्पल, हातात वही. प्रशांत साहेब मात्र इस्त्रीच्या कपड्यात, पार कडक पापडावानी. सुकन्या मांडवाच्या कडंला चहाचं आधन ठिवून बसली. साहेबांनी भाषन सुरू केलं.

"अकरा तक्रारी, अकरा निकाली! एकाही नागरिकानं परत फोन केला नाही!"

"परत करायला लागतोय कुठं फोन?" मी बोलले.

"आजी, श्श!" कल्याण.

"तीन दिवसांच्या आत शंभर टक्के समाधान!"

"कुनाचं?" मी.

"आजी!!"

दीपा मॅडम वहीतनं मान वर करून माझ्याकडं बघाया लागल्या. मग म्हनल्या, "प्रशांत, मला एक फोन प्रत्यक्ष बघायचाय. इथूनच. ह्या भागिरथीबाईंना तुमच्या केंद्रातून आत्ता फोन लावायला सांगा."

"आत्ता लावतो मॅडम!" साहेब खूश. त्यांनी नगरला निरोप दिला. भागिरथी खांद्यावर नवी शाल घेऊन सतरंजीवर बसलेली, फोन मांडीवर. साहेबांच्या हातात मॅडमसाठी हार. समद्यांचे डोळे फोनवर.

फोन वाजला.

एक. छबूबाईचे कान टवकारले.

दोन. बायडाबाईनं काष्टा खोचला.

तीन!

अरे देवा! सगळा मांडव उठला! भागिरथी शालीसकट पळाली. छबूबाई, बायडाबाई, रंभाजी दुकानदार, सगळे! हंडे कुठनं निघाले देव जाने, सत्काराला येताना बी बायांनी संगट आनले हुते. कल्याण अडवायला म्हनून म्होरं झाला, आनि दहा पावलावर त्याच्याच हातात हंडा! कुनाचा तरी पाय बांबूत अडकला, मांडवाचं कापड धप्पदिशी प्रशांत साहेबांच्या अंगावर पडलं. आतनं नुसता आवाज, "शांतता राखा! शांतता राखा!" आनि समद्यांच्या म्होरं, शेपटी वर करून, ती म्हस!

मी काय उठले न्हाई. माझे गुडघे दुखतात. मांडवात मी, दीपा मॅडम, चहापाशी सुकन्या, आनि कापडाखाली साहेब. सतरंजीवर पडलेला फोन चौथी रिंग देतोय. पाचवी देतोय.

मॅडम म्हनल्या, "काय झालं? कुठे गेले सगळे?"

"टँकर आला."

त्यांनी रस्त्याकडं बघितलं. "कुठे आहे?"

"आला न्हाई. पन ते बी रोजचंच हाय."

मग मी त्यांना रिंगांचा कायदा सांगितला. टेम्पोची एक, लाईटीची दोन, टँकरच्या तीन. मॅडमच्या डोळ्यात पहिल्यांदा हसू आलं, मग ते हसू विझलं. त्यांना हिशेब लागला. अकरा तक्रारी, अकरा निकाली.

"म्हणजे फोन कुणी उचललाच नाही," त्या म्हनल्या.

सातवी रिंग. मी फोन उचलला. आमच्या वस्तीवर वीस वर्सांत तिसऱ्या रिंगेनंतर उचललेला पहिला फोन! मॅडमनी बटन दाबून आवाज मोठा केला.

"हॅलो? भागिरथीबाई बोलताय का?"

"व्हय, मीच भागिरथी," मी म्हनलं. आता भागिरथी रस्त्यावर, मग काय करनार?

पलीकडनं एवढा मोठा सुस्कारा आला, की मांडवाचं कापड हाललं! "उचललात हो आजी! मी सृष्टी! तीन वेळा नाही उचलला की तक्रार आपोआप बंद पडते. मी तुमची दोनदा परत उघडली, दोनदा लगेच परत बंद झाली. मला पुढचे शंभर फोन घ्यायचे असतात, पण तुमचं नाव माझ्या वहीच्या मागे लिहून ठेवलंय. अंगठा लागत नाही ना तुमचा? धान्य मिळालं का?"

"न्हाई बाई."

"किती महिने झाले?"

"चौथा लागला."

"मग... जेवता काय?"

"शेजारीन हाय एक. रोज कालवनातलं मीठ बघायला बोलावती. मीठ बरोबरच असतंय. मी आपली बघून येते."

  कापडाखालनं "शांतता राखा" यायचं बंद झालं.

मग मॅडमनी कापड उचललं. आत साहेब, गळ्यात मॅडमसाठी आनलेला हार, कसा पडला कुनास ठावं! मॅडम आवाज न चढवता म्हनल्या, "प्रशांत, ह्यांचं समाधान झालंय?"

साहेब म्हनले, "नाही, मॅडम." तेवढं खरं बोलले, म्हनून मी त्यांना चहा दिला. मानूस वाईट न्हाई हो. त्याला वरनं विचारत्यात किती निकाली काढल्या, कुनी विचारत न्हाई की कुनाच्या डब्यात गहू पडला.

मॅडमनी तिथंच वहीत लिहिलं. फोन उचलला न्हाई तर तक्रार बंद करायची न्हाई, मानसानं त्याच्या घरी जाऊन विचारायचं. आनि मानूस स्वतःच्या तोंडानं "झालं" म्हनंपर्यंत निकाली लिहायचं न्हाई. घरी कुनी जायचं? कल्याणनं! तो तेव्हा रिकामा हंडा घेऊन परत येत हुता, त्याला काय ठावंच नव्हतं.

चौथ्या दिवशी रंभाजीनं डोळा बघायचं मशीन आनलं. भागिरथीनं डोळा लावला. मशीन टिंग वाजलं.

"मावशी, वळखलं! म्हनतंय हीच भागिरथी!"

"वळखलं व्हय," भागिरथी म्हनली आनि पदरानं तो डोळा पुसत बसली. रंभाजी म्हनला, मावशी रडू नका, वलं झालं तर परत वळखनार न्हाई!

त्या सांजंला भिंतीवरनं हाक आली. "चांगुणे, ये गं जरा! कालवनात मीठ बरं झालंय का बघ." गेले. ताटात ताज्या गव्हाच्या चपात्या, वांग्याचं कालवन. मी दोन खाल्ल्या आनि म्हनलं, "जरा जास्त झालंय."

"झालंय तर झालंय," ती म्हनली. "अंदाज येत नसंल तर तिसरी घे."

सृष्टीला मी अधनंमधनं फोन लावते. सनई ऐकते, लसून सोलते. ती उचलते आनि मी काय विचारायच्या आधीच म्हनते, "जेवले, आजी!"

संपली गोष्ट. शब्द न् शब्द...

आता ही सुकन्या पेन खाली ठिवून बसलीय. "आत्याबाई, ते एक तेवढं सांगा. न्हाईतर मी हे कुठं पाठवत न्हाई."

"म्हशीचं खरं हाय!"

"म्हशीचं न्हाई म्हनत मी."

बरं बाई. सांगते. एवढी एकच गोष्ट मी आपल्या मनानं घातली, शेंगदान्याच्या कुटावानी, चवीपुरती. भागिरथीकडं फोनच न्हाई. कधीच नव्हता. मी नंबर दिला तो माझा. तीन दिवस पहिल्यांदा हंडा घेऊन सुटली ती मी, आनि तिचा गहू आनखी लांबला तो माझ्या पायी. मांडवात बी फोन माझ्याच मांडीवर हुता. गुडघे तिचे दुखतात, म्हनून ती मागं बसून राहिली. फोन उचलून "मीच भागिरथी" म्हननारी खरोखरची भागिरथीच हुती. मॅडमला रिंगांचा कायदा बी तिनंच सांगितला, जीभ टाळूला न चिकटता. आनि ते मिठाचं... ते बी तीच बोलली. मला सुकन्यानं सांगितलं. मी आपली समजत हुते, तिला माझी युक्ती कळली न्हाई.

आनि माझे गुडघे? ठनठनीत हायत. त्या दिवशी रस्त्यावर रांगेत पहिला नंबर माझाच हुता.

म्हंजे दुसरा. पहिली म्हस.